गाडी जुनी झाली तरी पार्टचा भाव नवाच

यावेळी आलेल्या पत्रांमध्ये निम्म्याहून जास्त प्रश्न जुन्या एसयूव्हीचेच आहेत, म्हणून बाकीचे पुढच्या अंकात घेतो आणि हा अख्खा भाग त्यांनाच देतो. खर्चाचे जे आकडे दिलेत ते बाहेरच्या बऱ्या गॅरेजचा साधारण अंदाज धरून आहेत, ऑथराइज्ड सर्विस सेंटरला सव्वापट-दीडपट धरून चाला, आणि मॉडेल-व्हेरिएंटप्रमाणे थोडं मागेपुढे होईलच.

प्रश्न : नमस्कार दादा. मी हिंगणा एमआयडीसीत कामाला आहे, घरी आईवडील धरून आम्ही सहा जणं. महिन्यातून दोनदा उमरेडकडे गावाला जाणं होते, बाकी गाडी घरीच राहीन. २०१६ ची एक्सयूव्ही ५००, डब्ल्यू ८, एक लाख बारा हजार चाललेली, सेकंड ओनर, साडेपाच लाख सांगून राहिला, पाचपर्यंत येते म्हणते. या पैशात नवी सात सीटर तर भेटतच नाही. घरचे म्हणतात घेऊन टाक, मित्र म्हणतात फसशील. काय करू?
— एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर : भाऊ, मित्र आणि घरचे दोघंही अर्धे अर्धे बरोबर आहेत. एक्सयूव्ही ५०० सप्टेंबर २०११ ला आली आणि २०२१ मध्ये एक्सयूव्ही ७०० आली तेव्हा बंद झाली, म्हणजे दहा वर्षं विकलेली गाडी आहे, हिचं काम येणारे मेकॅनिक नागपुरात भरपूर आणि पार्टही मिळतात. इंजिन २.२ लिटरचं एमहॉक, १४० हॉर्सपॉवर, आत टायमिंग चेन (पिस्टन आणि व्हॉल्वची वेळ जुळवणारी) आहे त्यामुळे बेल्ट बदलायचा खर्च नाही. ऑइल वेळेवर बदललेलं असलं तर हे इंजिन दोन लाख किलोमीटरच्या पुढे जाते. मला इंजिनाची भीती कमी वाटते, इंजिनाच्या आजूबाजूला जे लागलेलं आहे त्याची जास्त वाटते.

लोकांचा हिशोब कुठं चुकते ते सांगतो. गाडी पाच लाखाची घेतली म्हणून आपण मनात पाच लाखाच्या गाडीचा मेंटेनन्स धरतो. पण ही गाडी नवी असताना रोडवर पंधरा लाखाच्या पुढे जायची, आणि तिचा शॉकर, तिची क्लच प्लेट, तिचा टायर आजही पंधरा लाखाच्या गाडीच्याच भावात येते. तुम्ही किती स्वस्तात घेतली हे काउंटरवरच्या पार्टवाल्याला माहीत नसते आणि त्याला घेणंदेणंही नाही. त्यात एक लाख ते दीड लाख किलोमीटर हा असा टप्पा आहे की नव्यासोबत आलेल्या सगळ्या गोष्टी एकाच वेळी संपायला येतात, आणि पहिला-दुसरा मालक नेमका त्याच टप्प्यावर गाडी विकायला काढते.

या गाडीत पहिले पाहायचं ते सस्पेन्शन. गाडी जड आहे, मोनोकॉक आहे म्हणजे बॉडी आणि सांगाडा एकच, स्कॉर्पिओसारखी लॅडर फ्रेमवर (खालच्या वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर) नाही, त्यामुळे समोरचे लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, स्ट्रट माउंट लवकर वाजायला लागतात. एखाद्या स्पीडब्रेकरवरून काच खाली करून, म्युझिक आणि एसी बंद करून, दहाच्या स्पीडने तिरपी काढा, आधी एक चाक मग दुसरं. खडखड किंवा टकटक आली की समजा. नुसते लिंक रॉड असले तर दोन-तीन हजारात काम होते, लोअर आर्म आणि माउंट धरून समोरचं पूर्ण केलं तर वीस ते तीस हजार, शॉकरही गेले असले तर अजून पंधरा-वीस वर.

दुसरं क्लच. पेडल कडक झालेलं, गाडी चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या स्पीडवरून दाबल्यावर आरपीएम चढते पण गाडी त्या मानाने पळत नाही, असं दिसलं तर क्लच गेला. या गाडीत गिअरबॉक्स उतरवायचं काम मोठं आहे, लेबरच सात-आठ हजाराच्या घरात जाते, क्लच सेट धरून तीस-पस्तीस हजार, आणि फ्लायव्हीलही बदलायची वेळ आली तर पन्नासच्या वर. तिसरं टायर, २३५/६५ आर १७ साइज आहे, बऱ्या कंपनीचा एक टायर दहा-बारा हजाराला पडते. टायरच्या साइडवर चार आकडी कोड असतो, उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसली तरी सहा वर्षाच्या वरचा टायर मी मोजतच नाही, तो बदलायचाच धरा.

आता हे जोडून पाहा. समोरचं सस्पेन्शन पंचवीस, क्लच पस्तीस, चार टायर पंचेचाळीस, बॅटरी आठ, सगळे ऑइल-फिल्टर-कूलंट-ब्रेक फ्लुइड बदलून एक पूर्ण सर्विस पंधरा. सव्वा लाखाच्या वर गेलं, आणि यात काहीच "मोठं" काम नाही, इंजिन उघडलेलं नाही, टर्बोला (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंपाला) हात लावलेला नाही. सगळं एकदम निघेलच असं नाही पण त्यातलं किती निघणार ते घ्यायच्या आधी कळलं पाहिजे, कारण तेवढे पैसे मालकाकडून कमी करून घ्यायचे असतात.

गाडी पाहायला सकाळी जा आणि मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर नमस्कार करून दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन पहिल्या सेल्फला उठलं पाहिजे. उठताना चेनचा खळखळाट एखाद-दोन सेकंदात थांबला पाहिजे, थांबलाच नाही तर चेन किंवा टेन्शनरचं काम आहे. मग इंजिन चालू असताना ऑइल टाकायचं झाकण उघडा. थोडीशी वाफ ठीक आहे, पण धूर भकाभका बाहेर येत असेल, झाकण नुसतं ठेवलं तर उडत असेल, तर आतल्या रिंगा घासलेल्या आहेत आणि ते काम लाखाच्या खाली होत नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला कॉफीच्या फेसासारखं पांढुरकं-चॉकलेटी काही चिकटलेलं दिसलं तर ऑइलमध्ये पाणी जाऊन राहिलं, हेड गॅस्केट गेलेली असू शकते, तिथून परत या. डिपस्टिकवरचं ऑइल काळं आहे म्हणून घाबरू नका, डिझेलमध्ये ते काळंच होते.

किलोमीटरचं खरंखोटं पाहायला मालकाला सोबत घेऊन कंपनीच्या सर्विस सेंटरला गाडी नंबरवरून हिस्ट्री काढायला लावा. शेवटची सर्विस चार वर्षापूर्वी पंच्याण्णव हजारावर आणि आज एक लाख बारा, हे शक्य आहे पण मग मधल्या वर्षांची बाहेरची बिलं मागा. बिल नाही, हिस्ट्री नाही, आणि क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर घासून गुळगुळीत झालेलं, तर मीटरवर माझा भरवसा नाही.

तुमच्यासाठी माझं मत. तुमचं चालणं फार कमी आहे. महिन्याला दोन उमरेडच्या फेऱ्या म्हणजे दोनशे-अडीचशे किलोमीटर, त्याच्यासाठी मोठं डिझेल कशाला पाहिजे. शहरात अकरा-बाराचा ॲव्हरेज, उभी राहून बॅटरी उतरणार, टायर न चालताच म्हातारे होणार. एसयूव्हीच पाहिजे असा हट्ट नसला तर पेट्रोल अर्टिगा पाहा, २०१८ नंतरची १.५ लिटरवाली, सहा माणसं बसतात, टायर अर्ध्या किमतीत येते आणि कुठल्याही गावात दुरुस्त होते. तुमच्या बजेटमध्ये थोडी ताणाताण होईल, पण वरचा खर्च जोडला की दोघींचा आकडा जवळपास सारखाच निघते. आणि एक्सयूव्हीच मनात बसली असली तर साडेचारच्या वर जाऊ नका आणि एक लाख बाजूला ठेवूनच व्यवहार करा. ते एक लाख नसले तर ही गाडी घेऊ नका, हे मी मनापासून सांगतो, कारण हप्ता आणि रिपेअर एकाच महिन्यात आलं की घरात भांडणं गाडीवरून सुरू होतात.

प्रश्न : दादा, आम्ही एक कॉम्पॅक्ट एसयूव्ही पाहिली आहे, पेट्रोल ऑटोमॅटिक, २०१९ ची, फक्त बत्तीस हजार किमी. बाजारभावापेक्षा सव्वा-दीड लाख कमी सांगताहेत. गाडी धरमपेठ भागातली आहे. आतून एकदम चकाचक, सीट कव्हर नवीन, कार्पेट नवीन, परफ्यूमचा वास मात्र खूप येत होता. मिस्टर म्हणतात इतकी स्वस्त मिळतेय तर सोडू नये. मला का कोण जाणे बरं वाटत नाहीये.
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : ताई, तुम्हाला जे वाटून राहिलं ते बरोबर वाटून राहिलं. २०२३ च्या २३ सप्टेंबरची पहाट नागपुरात कोणी विसरलेलं नाही. अंबाझरी ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर, धरमपेठचा काही भाग ते पार सीताबर्डीपर्यंत घुसलं आणि घराखाली पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाड्या बुडाल्या. त्यातल्या किती तरी गाड्या इन्शुरन्समध्ये टोटल लॉस झाल्या. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्याच्या वर जात असेल तर कंपनी टोटल लॉस धरते, मालकाला पैसे देते आणि गाडी भंगाराच्या भावात लिलावात जाते. त्यातल्या काही स्वच्छ धुऊन, सुकवून, नवीन कार्पेट टाकून परत बाजारात येतात. धरमपेठची प्रत्येक गाडी बुडालेली असते असं अजिबात नाही, पण कमी चाललेली, स्वस्त, नवं कार्पेट आणि डोकं धरेल इतका परफ्यूम, या चार गोष्टी एकत्र आल्या की मी तरी थांबून पाहीन.

कसं पाहायचं ते सांगतो तसं करा, मेकॅनिक सोबत नसला तरी चालते. ड्रायव्हरच्या सीटचा बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा, अगदी पट्टा संपेपर्यंत. जो भाग नेहमी आत गुंडाळलेला असतो तिथं मातकट डाग किंवा पाण्याची आडवी रेघ दिसली तर विषय संपला, कारण सीट कव्हर बदलणारे लोक बेल्ट बदलत नाहीत. मग सीट मागे-पुढे सरकवून खालचे रेल आणि बोल्ट मोबाइलच्या टॉर्चमध्ये पाहा, सहा वर्षाच्या गाडीच्या आतल्या बोल्टला गंज यायचं काही कारण नाही. डिकीतली स्टेपनी काढा, तिच्या खालच्या खड्ड्यात बारीक गाळ कोपऱ्यात बसलेला असतो, तो कितीही धुतला तरी पूर्ण जात नाही. डॅशबोर्डच्या खाली वाकून वायरिंगचे कनेक्टर पाहा, तांब्यावर हिरवट पावडर दिसते का.

गाडी चालू करताना इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा लाल दिवा पेटून काही सेकंदात विझला पाहिजे. एअरबॅगचं कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांमध्ये दोन सीटच्या मधात खालीच बसवलेलं असते, म्हणजे पाणी आत आलं की पहिले तेच बुडते. दिवा विझतच नसेल तर वाईट, आणि मुळात पेटतच नसेल तर त्याहून वाईट, कारण कोणी तरी तो काढून ठेवलेला आहे.

बुडालेल्या गाडीचा खरा त्रास लगेच दिसत नाही. वायरिंगच्या आत ओल राहते, सहा महिन्यांनी पॉवर विंडो बंद, मग एबीएसचा दिवा, मग ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा कंप्युटर. एकेक मॉड्यूल पंधरा हजारापासून पन्नास-साठ हजारापर्यंत, आणि नवीन टाकला तरी पुढचा कनेक्टर खराब. अशा गाडीवर किती खर्च येईल हे कोणताही मेकॅनिक सांगू शकत नाही आणि जो सांगते त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मालकाकडून २०२३ आणि २०२४ ची पॉलिसी मागा. एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) चढत चढत येऊन २०२४ ला एकदम शून्य झालेला दिसला तर त्या वर्षात क्लेम झालेला आहे, कशाचा ते विचारा. मिस्टरांना हे पत्र वाचायला द्या आणि बेल्टची तपासणी त्यांच्या हातानेच करायला लावा.

प्रश्न : माझ्याकडे डिझेल सात सीटर एसयूव्ही आहे, एक लाख पस्तीस हजार चालली. दीड महिन्यापासून पिकअप पडला, दाबली की मागून काळा धूर सोडते. सर्विस सेंटरवाल्याने चारही इंजेक्टर आणि टर्बो सांगितला, एस्टिमेट एक लाख पंच्याऐंशी हजार. हे ऐकूनच ताप आला. गाडी विकून टाकू का काय करू भाऊ?
— एक वाचक, कामठी रोड

उत्तर : आताच काही विकू नका आणि काही बदलूही नका. काळा धूर म्हणजे इंजिनात डिझेल जेवढं जाऊन राहिलं तेवढी हवा जात नाही. आता हवा कमी पडायची कारणं स्वस्तापासून महागापर्यंत एका रांगेत उभी आहेत आणि तुम्हाला थेट शेवटचं सांगितलं गेलं. पहिले एअर फिल्टर पाहा, सहाशे-आठशे रुपये. मग टर्बोकडून इंटरकूलरला (हवा थंड करणाऱ्या जाळीला) आणि तिथून इंजिनकडे जाणारे जाड रबरी होज. नागपूरच्या उन्हात बोनेटखालचं रबर किती भाजते ते वेगळं सांगायला नको, चार-पाच उन्हाळे झाले की क्लॅम्पजवळ किंवा खालच्या बाजूला चीर पडते, उभ्या गाडीत ती दिसतही नाही, दाबल्यावर प्रेशर आलं की उघडते आणि फुस्स करून हवा बाहेर. होजच्या खालच्या अंगाला ऑइलचा ओला थर आणि धूळ चिकटलेली दिसली तर तिथंच चीर आहे. हा होज मॉडेलप्रमाणे दोन ते पाच हजारात येते.

ते ठीक निघालं तर ईजीआर व्हॉल्व (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा), कार्बनने जाम होऊन अर्धवट उघडा राहते, काढून साफ करायला दोन-तीन हजार. मग एअर फ्लो सेन्सर आणि टर्बोचा ॲक्च्युएटर. हे सगळं स्कॅनर लावून, चालत्या गाडीत बूस्ट प्रेशर (टर्बोच्या हवेचा दाब) किती मागते आणि किती मिळते हे पाहून कळते, नुसता उभ्या गाडीचा कोड वाचून कळत नाही. स्कॅनिंगचे पाचशे ते हजार रुपये घेतात, तेवढे द्या.

आणि इंजेक्टरवर शंका असलीच तर डिझेल पंप-इंजेक्टरचं काम करणाऱ्याकडे जा, सरळ मेकॅनिककडे नाही. तो चारही इंजेक्टरला नळ्या लावून रिटर्न टेस्ट करते, कोणाचं डिझेल किती परत येऊन राहिलं ते चार बाटल्यांमध्ये डोळ्यासमोर दिसते. चारही एकाच दिवशी मरत नाहीत, बहुतेक वेळा एक किंवा दोन खराब निघतात. नवा इंजेक्टर पंधरा ते पंचवीस हजार, रिपेअर-कॅलिब्रेशन करून सहा ते दहा हजारात होते, बदलल्यावर त्याचा कोड गाडीच्या कंप्युटरमध्ये टाकायला विसरू देऊ नका. टर्बोची पाती हाताने हलवून पाहायला लावा. गोल फिरताना किंचित हलते ते चालते, आतबाहेर सरकते किंवा बाहेरच्या केसिंगला घासते तर गेला. रिकंडिशन पंधरा-पंचवीस हजार, नवा पन्नासच्या आसपास किंवा वर.

तुमची गाडी २०२० नंतरची बीएस ६ असली तर डीपीएफ (सायलेन्सरच्या लाइनमधला काजळी अडवणारा फिल्टर) चोकअप हेही कारण असू शकते, मात्र चांगला डीपीएफ असला तर तो काळा धूर बाहेरच पडू देत नाही. धूर दिसतो म्हणजे एक तर बीएस ४ आहे, नाही तर डीपीएफ फुटलेला किंवा कोणी पोकळ केलेला आहे. पोकळ करून देणारे खूप भेटतात, करू नका, बेकायदेशीर आहे आणि पीयूसीलाही अडकाल.

एस्टिमेट देणाऱ्याला एकच विचारा, की टर्बो खराब आहे हे कोणत्या टेस्टमध्ये निघालं ते लेखी द्या. टेस्ट केली असेल तर तो आनंदाने देईल.

प्रश्न : डस्टर डिझेल २०१५, चौऱ्याण्णव हजार किमी. टायमिंग बेल्ट अजून बदलला नाही, गाडी मस्त चालून राहिली. बदलायलाच पाहिजे का?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : हो, याच आठवड्यात. डस्टरच्या १.५ डीसीआय इंजिनात बेल्ट आहे आणि तो तुटायच्या आधी आवाज करत नाही, गाडी मस्त चालत असतानाच तुटते. तुटला की पिस्टन व्हॉल्ववर आदळतात, हेड उतरवावं लागते, साठ-सत्तर हजार ते लाखाचा खड्डा. किलोमीटर कमी असले तरी दहा वर्षाचं रबर आहे ते. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप, तिन्ही सोबत बदला, दहा ते पंधरा हजारात होते. डस्टर २०२२ मध्ये इथं बंद झाली पण या इंजिनाचे पार्ट अजून मिळतात, हेच इंजिन निसान टेरानोतही होतं. नुसता बेल्ट बदलून पैसे वाचवू नका, वॉटर पंप गेला की तेच सगळं परत उघडावं लागते.

प्रश्न : लहानपणापासून फॉर्च्युनरचं स्वप्न आहे सर. २०१२ ची थ्री लिटर मॅन्युअल, दोन लाख दहा हजार किमी, बारा लाखात आहे. लोक म्हणतात टोयोटा मरत नाही. शेती आहे, काटोल साइडला, उत्पन्न संत्र्यावर.
— एक वाचक, काटोल

उत्तर : टोयोटा मरत नाही हे बरंचसं खरं आहे, पण ती जिवंत ठेवायला पैसे लागतात हे कोणी सांगत नाही. पहिल्या पिढीची ही गाडी, २०१६ च्या शेवटी नवी येईपर्यंत विकली गेलेली, हिच्या ३.० डी-फोर-डी इंजिनात चेन नाही, टायमिंग बेल्ट आहे. एक ते दीड लाखाच्या दरम्यान एक बदली झालेली असायला पाहिजे, बिल पाहा. दुसरं, या इंजिनात इंजेक्टरखालचे तांब्याचे सील लीक व्हायचा आजार ओळखीचा आहे. सील लीक झालं की जळलेला गॅस ऑइलमध्ये जाऊन काळा चिखल होते, तो खाली ऑइल पंपाच्या जाळीत अडकते, ऑइल प्रेशर पडते आणि मग पूर्ण इंजिन जाते. म्हणून ऑइल चेंबर खोलून जाळी पाहिल्याशिवाय घेऊ नका, हे काम दोन-तीन हजाराचं आहे आणि विकणाऱ्याने नाही म्हटलं तर तुम्हीही नाही म्हणा. एक नवा इंजेक्टर वीस ते तीस हजार, असे चार. टायर २६५ साइजचे, एकेक तेरा-पंधरा हजाराच्या घरात.

संत्र्याचं उत्पन्न वर्षाला सारखं नसते, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ज्या वर्षी बहार गळला त्या वर्षी इंजेक्टर गेले तर गाडी शेडमध्ये उभी राहीन. स्वप्न सोडा असं मी म्हणणार नाही, पण बारा लाख गाडीत घालून हात रिकामा होत असेल तर अजून एक-दोन हंगाम थांबा. किंवा एमहॉक इंजिनची स्कॉर्पिओ पाहा, लॅडर फ्रेम आहे, शेताच्या रस्त्याला कुठं कमी पडत नाही आणि निम्म्यात येते.

प्रश्न : दिल्ली पासिंगची डिझेल एसयूव्ही, नऊ वर्षं झालेली, खूपच स्वस्त भेटून राहिली. एजंट म्हणते एनओसी आणून देतो, तुम्ही तशीच चालवा. चालते का?
— एक वाचक, वाडी

उत्तर : दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षाच्या वरच्या डिझेल गाड्यांवर एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) २०१५ मध्ये बंदी आणली आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली, त्यामुळे तिकडच्या गाड्या नवव्या वर्षी धडाधड बाहेरच्या राज्यात विकल्या गेल्या, त्यात काही फार चांगल्याही असतात. पण "तशीच चालवा" हे चूक आहे. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथलं रजिस्ट्रेशन घ्यावंच लागते, एमएच ३१, ४० किंवा ४९ जिथं तुमचा पत्ता येईल तिथं. त्यासाठी फॉर्म २८ ची एनओसी, २९-३० चे ट्रान्सफर फॉर्म, लोन असलं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, शिवाय महाराष्ट्राचा रोड टॅक्स परत भरावा लागते, डिझेलला तो पेट्रोलपेक्षा जास्त आहे. टॅक्सचा आकडा एजंटच्या तोंडचा न धरता आरटीओतून काढून घ्या आणि गाडीच्या किमतीत मिळवा, मग स्वस्त उरते का पाहा. चालान बाकी आहेत का ते परिवहनच्या साइटवर नंबर टाकून आधीच दिसते. मालकाचा एनसीबी तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे इन्शुरन्सही तुम्हाला त्याच्यापेक्षा महाग पडेल. आणि एनओसी हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी सेकंड हँड एसयूव्ही घेतली. शहरात काहीच नाही, पण समृद्धीवर शंभरच्या वर गेलो की स्टीअरिंग थरथरते, एकशेवीसला कमी होते. धोका आहे का?
— एक वाचक, बेसा

उत्तर : थरथर ठरावीक स्पीडला येऊन पुढे कमी होते म्हणजे बहुतेक व्हील बॅलन्सिंग. चारही चाकांचं पाचशे-आठशेत होते. बॅलन्सिंग करताना मशीनवर फिरणाऱ्या रिमकडे स्वतः पाहा, रिम वाकडा असला तर तो डोलताना दिसते. अलॉय वाकडा असेल तर ठोकून सरळ करून मागच्या चाकाला लावून मोकळे होतात काही जण, ते चालवून घेऊ नका, दुसरा घ्या. यातून थरथर गेली नाही तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट आणि टायरॉड एंड.

पण मला खरी काळजी टायरची आहे. समृद्धी ७०१ किलोमीटर सरळ सिमेंटचा रस्ता, कारला १२० ची लिमिट, आणि मे महिन्यात दुपारी तो रस्ता तव्यासारखा तापलेला असतो. शहरात चाळीस-पन्नासच्या स्पीडने वर्षभर निभावणारा जुना टायर तिथं दोन तास सलग पळाला की फुटतो. घेतलेल्या गाडीचे टायर कोणत्या साली बनले ते आज पाहा, फुगवटा किंवा साइडला बारीक चिरा आहेत का पाहा, हवा सकाळी थंड टायरमध्ये कंपनीने दाराच्या स्टिकरवर लिहिली तेवढीच भरा, कमी हवा जास्त हवेपेक्षा धोक्याची. हे होईपर्यंत समृद्धीवर ऐंशीच्या वर जाऊ नका, शक्यतो जाऊच नका.

प्रश्न : २०१७ ची एसयूव्ही. चालताना एसी ठीक, पण सिग्नलला उभी राहिली की गरम हवा. गेल्या उन्हाळ्यात दोनदा गॅस भरला. आता कूलिंग कॉइल बदला म्हणतात, चौदा हजार.
— एक वाचक, सदर

उत्तर : चालताना थंड आणि उभी असताना गरम, म्हणजे कंडेन्सरवरून हवा जाऊन राहिली नाही. चालत्या गाडीत समोरची हवा ते काम करते, थांबल्यावर फॅनने करायचं असते. एसी लावून बोनेट उघडा आणि रेडिएटरचा फॅन फिरते का, जोरात फिरते का ते पाहा. फॅनची मोटर, रिले किंवा रेझिस्टर गेला असेल तर आठशे रुपयांपासून सहा-सात हजारात काम होते. कंडेन्सरमध्ये धूळ-किडे बसून जाळी बंद झाली असेल तर पाण्याने साफ करायचं, प्रेशर बेताचं ठेवून, नाही तर पत्र्याच्या पट्ट्या वाकतात.

गॅस दोनदा भरावा लागला म्हणजे लीकही आहेच, फक्त ते कॉइलमध्येच आहे हे कशावरून. कॉइल डॅशबोर्डच्या आत असते. नायट्रोजनचं प्रेशर भरून किंवा गॅसमध्ये डाय टाकून लीक शोधता येते, हजार-बाराशे लागतात. पाइपची ओरिंग लीक असली तर तेवढ्याशा रबरासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवायची गरज नाही, आणि डॅशबोर्ड एकदा उतरला की नंतर कुठं ना कुठं करकर आवाज मागे राहतोच. लीक कॉइलमध्येच निघालं तर मात्र बदला. मार्चच्या आत करून घ्या, एप्रिल लागला की एसीवाल्यांकडे नंबर लागत नाही.